पेशींचें वेळेवर मरण आणि 'बॅक्स' प्रथिन

मरण ही जीवनाची उलट बाजू होय, अशी आपली साधारण समजूत असते. जेथें मरण आलें तेथें जीवन संपलें, असें आपण धरून चालतों. आणि संपूर्ण प्राण्याविषयीं बोलावयाचें तर ही समजूत खोटी नाहीं. परंतु प्राण्याचें शरीर ज्या असंख्य सूक्ष्म पेशींचें घडलेलें असतें, त्या पेशींचा विचार करूं लागलें म्हणजे तीच समजूत अपुरी पडते. वाचकांस हा परिच्छेद वाचावयास जें एखादें मिनिट लागेल, तेवढ्या अवधींत त्यांच्या शरीरांतील कोट्यवधि पेशी मरून गेलेल्या असतील. त्यांच्या मरणानें वाचकांस कांहीं इजा झालेली नसेल. उलट त्या मेल्या म्हणूनच शरीर धडधाकट राहिलेलें असेल. पेशींच्या अशा वेळेवर व नेमस्त मरणाचा शोध शास्त्रज्ञांस कसा लागला, तें घडवून आणणारें 'बॅक्स' नांवाचें प्रथिन काय काम करतें, आणि त्या कामांत बिघाड झाला असतां कोणता अनर्थ ओढवतो, हें यथामति सांगण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे.

आरंभीं एक नित्याच्या पाहण्यांतील उदाहरण घेऊं. पावसाळा लागला म्हणजे डबक्यांतून बेडकांचीं पिलें, म्हणजे बेडूकमासे, वळवळतांना दिसतात. त्यांना लांब शेपूट असतें. कांहीं दिवसांनीं त्यांना पाय फुटतात, शेपूट आंखूड होत होत नाहींसें होतें, आणि बेडूक जमिनीवर उडी मारतो. हें शेपूट जातें कोठें? तें तुटून पडत नाहीं, कोणी खुडून नेत नाहीं, कीं कुजतहि नाहीं. थायरॉइड ग्रंथीचा रस रक्तांत वाढला कीं शेपटांतील पेशी मरूं लागतात, आणि त्यांचें द्रव्य बेडकाच्या शरीरांतच जिरून जातें. १९१२ सालीं गुडर्नाच या शास्त्रज्ञानें लहान बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथि खाऊं घातली, तेव्हां ते वेळेच्या पुष्कळ आधींच बेडकाचें रूप घेऊं लागले. शेपटाचें जाणें हा अपघात नसून शरीराच्या आज्ञेनें घडणारी गोष्ट आहे, हें त्यावरून उघड झालें.

मनुष्याची गोष्टहि याहून निराळी नाहीं. आईच्या उदरांत सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचा हात वल्ह्याच्या पात्यासारखा सपाट असतो. पुढील एकदोन आठवड्यांत बोटांच्या मधल्या जागेंतील पेशी मरून जातात आणि पांच बोटें सुटीं होतात. मूर्तिकार दगडांतून नको तो भाग काढून टाकून मूर्ति प्रकट करतो, तसाच कांहींसा हा प्रकार आहे. बदकाच्या पायांत या पेशींचें मरण फार थोडें होतें, म्हणून त्याच्या बोटांमध्यें पडदा राहतो व तो त्यास पोहण्याच्या कामीं येतो. लेखणी धरणारीं, तबल्यावर ठेका धरणारीं, सुईंत दोरा ओवणारीं आपलीं बोटें ही त्या वेळीं मेलेल्या पेशींची देणगी आहे.

मरणाचे येथें दोन प्रकार ध्यानांत घेतले पाहिजेत. हात भाजला, बोट चेंगरलें, किंवा एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटला, म्हणजे तेथील पेशी फुगतात, फुटतात, आणि त्यांतील तीव्र द्रव्यें आसपास सांडून सूज येते. हें अपघाती मरण, आगीनें घर कोसळावें तसें आहे. दुसरा प्रकार मालकानें जुना वाडा रीतसर उतरवावा तसा आहे. कौलें निराळीं काढावयाचीं, वासे व तुळया निराळ्या रचावयाच्या, दारें-खिडक्या जपून ठेवावयाचीं, आणि शेजाऱ्याच्या भिंतीस धक्का म्हणून लागूं द्यावयाचा नाहीं, अशी त्याची रीत. या दुसऱ्या प्रकारांत पेशी प्रथम आंखडते. तिच्या केंद्रकाचे तुकडे होतात. मग सबंध पेशीच लहान लहान पुड्यांत बांधली जाते, आणि शेजारच्या किंवा भक्षक पेशी त्या पुड्या गिळून त्यांतील द्रव्य पुन्हां उपयोगांत आणतात. सूज येत नाहीं, पू होत नाहीं. काल तेथें एक पेशी होती याची खूणहि मागें राहत नाहीं.

खूणच राहत नसल्यामुळें या मरणाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष जाण्यास फार काळ लागला. १८४२ सालीं कार्ल फोग्ट यानें एका जातीच्या भेकाच्या वाढीचा अभ्यास करतांना कांहीं पेशी नाहींशा होतात असें लिहून ठेवलें होतें; परंतु त्या टिपणाचें महत्त्व पुढें शंभर वर्षें कोणाच्या फारसें मनांत भरलें नाहीं. १९६४ सालीं लॉकशिन व विल्यम्स यांनीं रेशमी पतंगाच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोशांतून पतंग बाहेर पडला कीं त्या कामापुरते लागणारे कांहीं स्नायू थोड्याच अवधींत विरून जातात, असें त्यांना आढळलें. आणि अशा मरणास त्यांनीं 'नियोजित पेशीमरण' या अर्थाचें नांव दिलें. त्याच दशकांत जॉन कर या ऑस्ट्रेलियन विकृतिशास्त्रज्ञास उंदराच्या यकृतांत आंखडून मरणाऱ्या व सूज न आणणाऱ्या पेशी दिसल्या. १९७२ सालीं त्यानें अँड्र्यू वायली व अ‍ॅलस्टेर करी या अ‍ॅबर्डीन येथील सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध करून या मरणास 'अपॉप्टोसिस' हें नांव दिलें. तें त्यांना त्याच विद्यापीठांतील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनीं सुचविलें होतें. झाडाचीं पानें किंवा फुलांच्या पाकळ्या गळून पडणें, असा या ग्रीक शब्दाचा अर्थ आहे. पान गळतें तें झाड मेलें म्हणून नव्हे. झाड जिवंत आहे व त्यास पुढें जगावयाचें आहे म्हणून तें गळतें. विज्ञानास भाषापंडिताकडून असें समर्पक नांव क्वचितच मिळालें असेल.

नांव मिळालें, परंतु पेशीला मरणाची आज्ञा देतो कोण, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचें उत्तर मिळाले तें एका क्षुद्र कृमीपासून. सी. एलेगन्स नांवाचा हा मातींत राहणारा कृमि लांबीनें सुमारें एक मिलिमीटर असून कांचेसारखा पारदर्शक असतो. सिडनी ब्रेनर यांनीं इंग्लंडांतील केंब्रिज येथें या कृमीस अभ्यासाचा विषय केलें. जॉन सल्स्टन यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तासन्‌तास डोळे लावून त्याच्या प्रत्येक पेशीची वंशावळ लिहून काढली; एका अंड्यापासून कोणती पेशी केव्हां झाली व तिचें पुढें काय झालें, याची ती जणूं कुलवृत्तान्ताची वहीच होती. तींतून असें निघालें कीं, कृमीच्या वाढींत देहाच्या एकंदर १०९० पेशी उत्पन्न होतात आणि त्यांपैकीं नेमक्या १३१ मरतात, ९५९ उरतात. प्रत्येक कृमींत त्याच पेशी, त्याच वेळीं मरतात. मरण हें वाढीच्या वेळापत्रकांतच लिहिलेलें आहे, याहून अधिक स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

पुढें अमेरिकेंत रॉबर्ट हॉर्विट्झ यांनीं कृमींतील मरणाचीं जनुकें शोधून काढलीं. 'सेड-३' व 'सेड-४' यांपैकीं कोणतेंहि एक जनुक निकामी असेल तर ज्या पेशींनीं मरावयाचें त्या जगतात, असें १९८६ सालीं दिसून आलें. 'सेड-९' हें जनुक याच्या उलट, म्हणजे पेशींस मरणापासून राखणारें निघालें. ब्रेनर, सल्स्टन व हॉर्विट्झ या तिघांस या कार्याबद्दल २००२ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. डोळ्यांस धड दिसत नाहीं अशा कृमीच्या १३१ पेशींची मोजदाद कोणाच्या काय उपयोगाची, असें त्या वेळीं कोणी विचारलें असतें तर त्यास लगेच उत्तर देणें कठीण गेलें असतें. तें उत्तर दुसऱ्या वाटेनें, रुग्णालयाकडून येत होतें.

ती वाट अशी. रक्तांतील बी-जातीच्या पेशींस होणाऱ्या एका कर्करोगांत अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून चौदाव्या गुणसूत्रास जोडला गेलेला आढळतो. या तुकड्याबरोबर जें जनुक स्थलांतर करतें त्याचें नांव 'बी-सी-एल-२'. नव्या जागीं त्याच्या शेजारीं प्रतिपिंडें तयार करणारें जनुक असतें. बी-पेशींत हें जनुक सदैव जागें असल्यामुळें त्याच्या संगतीनें बी-सी-एल-२ हि अहोरात्र काम करूं लागतें. कर्करोगाचें जनुक म्हणजे पेशींस भराभर वाढविणारें, अशी त्या वेळची समजूत होती. परंतु १९८८ सालीं मेलबर्न येथें डेव्हिड वॉ, सुझान कोरी व जेरी अ‍ॅडम्स यांनीं दाखविलें कीं, हें जनुक पेशींची वाढ करीत नाहीं. तें त्यांना मरूं देत नाहीं. पोषक द्रव्य काढून घेतलें असतां ज्या पेशी एरव्हीं मरून जात, त्या या जनुकाच्या बळावर तग धरून राहिल्या. १९९२ सालीं मनुष्याचें हेंच जनुक त्या कृमींत घातलें, तों कृमींच्या मरणाऱ्या पेशी जगल्या! कृमि व मनुष्य यांच्या वाटा कोट्यवधि वर्षांपूर्वीं फुटल्या; तरी मरणाचा कायदा दोघांच्या पेशींत अजून बराचसा एकच आहे.

आतां आपण मुख्य विषयाकडे वळूं. बी-सी-एल-२ हें प्रथिन एकटें नसतें, त्याला नेहमीं दुसरें एक प्रथिन बिलगलेलें असतें, असें अमेरिकेंतील सेंट लुई येथें स्टॅन्ले कोर्समेयर यांच्या प्रयोगशाळेंत दिसून आलें. १९९३ सालीं ओल्टवाई, मिलिमन व कोर्समेयर यांनीं या सोबत्याची ओळख जगास करून दिली. त्याचें नांव बॅक्स, म्हणजे 'बी-सी-एल-२ च्या संगतींतील एक्स प्रथिन'. रूपानें हें आपल्या सोबत्यासारखें, पण स्वभावानें अगदीं विरुद्ध निघालें. पेशींत बॅक्स अधिक झालें आणि पोषक द्रव्य तुटलें, तर पेशी लौकर मरते. बी-सी-एल-२ अधिक झालें तर ती वांचते. पेशीच्या जगण्यामरण्याचा निर्णय या दोहोंच्या प्रमाणावर अवलंबून असतो, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. एकाच घरांत जन्मलेल्या दोघां भावांपैकीं एकानें दार धरून ठेवावें व दुसऱ्यानें तें उघडूं पाहावें, तसा हा प्रकार आहे.

बॅक्सचें जनुक मनुष्याच्या एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. तें प्रथिन १९२ अमिनो आम्लांच्या साखळीचें बनलेलें असतें. म्हणजे प्रथिनांच्या मानानें तें लहानच. विशेष हें कीं, असें मारक प्रथिन धडधाकट पेशींतहि सदोदित असतें. मग पेशी जगते कशी? २००० सालीं सुझुकी, यूल व तजांद्रा यांनीं बॅक्सची आकृति शोधून काढली, तेव्हां या प्रश्नाचा उलगडा झाला. बॅक्सची साखळी नऊ मळसूत्री वळशांनीं बनलेली आहे. पटलांत घुसण्यास उपयोगी पडणारा नववा वळसा शांततेच्या काळीं त्याच्याच अंगच्या एका खोबणींत दडवून ठेवलेला असतो. चाकूचें पातें मुठींत मिटलेलें असावें, तसें बॅक्स पेशीच्या द्रवांत निरुपद्रवीपणें हिंडत असतें. मधूनमधून तें तंतुकणिकांच्या पटलाशीं जातेंहि. परंतु तेथील रक्षक प्रथिनें त्यास पुन्हां द्रवांत परत लावतात.

तंतुकणिका म्हणजे पेशीच्या चुली होत. श्वासावाटे घेतलेला प्राणवायु येथेंच कामीं येतो, आणि अन्नांतील शक्ति पेशीच्या उपयोगाची होते. या कामीं तंतुकणिकेच्या दोन पटलांमध्यें 'सायटोक्रोम-सी' नांवाचें एक छोटें प्रथिन राबत असतें. त्यावांचून पेशीचें श्वसन चालणार नाहीं. पेशीस मरणाचा आदेश मिळाला म्हणजे 'बिम', 'बिड', 'प्यूमा' इत्यादि निरोपी प्रथिनें पुढें येतात. त्यांतील कांहीं रक्षक प्रथिनांना गुंतवून ठेवतात, तर कांहीं प्रत्यक्ष बॅक्सला स्पर्श करून जागें करतात. मिटलेलें पातें उघडतें. बॅक्स तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलांत रुततें. एकास एक असे अनेक बॅक्स-रेणू जुळून वर्तुळें व कमानी बनतात, आणि पटलास भोंकें पडतात. त्या भोंकांतून सायटोक्रोम-सी बाहेरच्या द्रवांत सांडतें.

येथेंच सृष्टीच्या काटकसरीचें मोठें आश्चर्य दिसतें. शाओदोंग वांग व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं दाखविलें कीं, आंत असतांना पेशीस श्वास देणारें हें सायटोक्रोम-सीच बाहेर पडल्यावर मरणाची सूचना ठरतें. निखारा चुलींत असेपर्यंत अन्न शिजवितो. चुलीबाहेर पडला कीं घर पेटवितो. द्रवांत आलेलें सायटोक्रोम-सी दुसऱ्या एका प्रथिनाशीं जुळतें, आणि अशा सात जोड्यांचें एक चाक तयार होतें. या चाकावर 'कॅस्पेज' नांवाचीं कात्रीसारखीं विकरें जागीं होतात. एक कात्री दुसरीस उघडते, दुसरी तिसरीस. आणि थोड्याच वेळांत पेशीच्या सांगाड्यांतील शेंकडों प्रथिनें ठराविक ठिकाणीं कापलीं जातात, केंद्रकांतील जनुकसूत्राचे तुकडे पडतात, आणि पेशीच्या पृष्ठभागावर 'आम्हांस उचलून न्या' अशी रासायनिक खूण उमटते. कृमींतील सेड-३ हें जनुक अशाच एका कात्रीचें आहे, हें १९९३ सालीं ध्यानांत आलें, आणि दोन्ही वाटा एका ठिकाणीं मिळाल्या.

मरणाचा आदेश कोणकोणत्या कारणांनीं निघतो, तें थोडक्यांत पाहूं. पोषक द्रव्य तुटणें हें एक कारण वर आलेंच आहे. दुसरें महत्त्वाचें कारण म्हणजे जनुकसूत्रास झालेली इजा. कडक उन्हांतील अतिनील किरणांनीं कातडीच्या पेशींतील सूत्राची मोडतोड झाली, तर पेशी प्रथम ती दुरुस्त करूं पाहते. दुरुस्ती हाताबाहेरची असेल तर 'पी-५३' नांवाचें पहारेकरी प्रथिन बॅक्स, प्यूमा वगैरेंचें उत्पादन वाढवितें, आणि ती पेशी मरते. बिघडलेल्या सूत्राची पेशी जगून वाढूं लागली तर ती पुढें कर्करोगाचें बीज होण्याचा संभव असतो. म्हणून एका पेशीचा नाश पत्करून सबंध देहाचें रक्षण होतें. या संबंधांत हत्तीचें उदाहरण मनोरंजक आहे. हत्तीच्या प्रचंड देहांत मनुष्यापेक्षां कितीतरी अधिक पेशी असून त्यास कर्करोग मात्र क्वचितच होतो. मनुष्याच्या गुणसूत्रांच्या एका संचांत पी-५३ चें जनुक एक असतें. हत्तीच्या संचांत त्याच्या वीस प्रती आहेत, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. किरणांनीं इजा झालेल्या हत्तीच्या पेशी मनुष्याच्या पेशींपेक्षां अधिक तत्परतेनें मरतात, असेंहि प्रयोगांत आढळलें.

बॅक्स नसेल तर काय होईल, हेंहि शास्त्रज्ञांनीं उंदरांवर पाहिलें आहे. १९९५ सालीं बॅक्सचें जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यांत आले. ते जगले, परंतु त्यांच्या शरीरांत लसिका-पेशींची फाजील गर्दी झाली, आणि नर प्रजोत्पादनास असमर्थ निघाले. एवढ्यावरच निभावलें याचें कारण, बॅक्सचें काम करूं शकणारा त्याचा एक भाऊबंद 'बॅक' पेशींत हजर होता. पुढें २००० सालीं बॅक्स व बॅक ही दोन्ही नसलेले उंदीर तयार केले, तेव्हां त्यांतील बहुतेक जन्माच्या सुमारासच मेले. शेंकडा दहाहूनहि कमी मोठे झाले. जे जगले त्यांच्या बोटांमध्यें बदकासारखे पडदे राहिले होते, आणि रक्तांत व मेंदूंत नको तितक्या पेशी सांठल्या होत्या. पेशींस मरतां येईना, म्हणून प्राणी जगूं शकले नाहींत!

मनुष्यांत हाच बिघाड कर्करोगाच्या रूपानें प्रकट होतो. कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, हें आपण ऐकलेलें असतें. पण तें अर्धेंच सत्य आहे. वाढीबरोबर मरणहि चालू असेल तर गांठ मोठी होत नाहीं. पेशी मरावयाचें विसरते तेव्हां खरें संकट सुरू होतें. बॅक्सच्या जनुकांत एके ठिकाणीं 'जी' हें एकच अक्षर लागोपाठ आठ वेळां आलेलें आहे. आपण नक्कल करतांना सारखीं अक्षरें ओळीनें आलीं तर एखादें गाळतों किंवा जास्त लिहितों. पेशीचीहि तशीच चूक होते. ज्या मोठ्या आंतड्याच्या कर्करोगांत अशा चुका सुधारणारी यंत्रणा मोडलेली असते, त्यांतील सुमारें निम्म्यांत या आठ अक्षरांची संख्या बिघडून बॅक्स निकामी झालेलें असतें, असें १९९७ सालीं आढळून आलें. एक अक्षर गळलें कीं पुढील सर्व वाचन चुकतें, आणि मरणाचें दार बंद होतें. कर्करोगावरील पुष्कळशीं औषधें व किरणोपचार रोगट पेशीस इजा करून तिला याच दाराकडे लोटीत असतात. दारच उघडेनासें झालें म्हणजे तेहि निष्फळ होतात.

मग बंद दार उघडण्याची किल्ली करतां येईल काय? रक्ताच्या एका सावकाश वाढणाऱ्या कर्करोगांत लसिका-पेशी बी-सी-एल-२ च्या आश्रयानें न मरतां सांठत जातात. निरोपी प्रथिनें बी-सी-एल-२ च्या ज्या खोबणींत अडकून पडतात, त्याच खोबणींत नेमका बसणारा एक लहान रेणू रसायनशास्त्रज्ञांनीं घडविला. हा रेणू तेथें जाऊन बसला कीं अडकलेलीं निरोपी प्रथिनें मोकळीं होतात, बॅक्स व बॅक जागीं होतात, आणि रोगट पेशी आपल्याच कायद्यानें मरते. या औषधाचें नांव 'व्हेनेटोक्लॅक्स'. अमेरिकेंत २०१६ सालीं त्याच्या उपयोगास परवानगी मिळाली. त्याची शक्ति एवढी कीं, आरंभींच्या चाचण्यांत कांहीं रोग्यांच्या असंख्य रोगट पेशी एकदम मेल्या व त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून प्राणावर बेतलें. कांहीं रोगी दगावलेहि. म्हणून आतां या रोगांत पहिल्या आठवड्यांत रोज २० मिलिग्रॅमपासून आरंभ करून पांच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा पायरीपायरीनें चढविण्यांत येते. मरण घडवावयाचें तेंहि बेतानें व मापानें, हा पेशीचाच नियम वैद्यांसहि पाळावा लागला.

येथवर वाचून कोणास असें वाटेल कीं, बॅक्स जितकें जागें तितकें बरें. तसें मात्र नाहीं. कातडीच्या किंवा आंतड्याच्या पेशी मेल्या तर त्यांच्या जागीं नव्या येतात. मेंदूच्या व हृदयाच्या पेशींची भरपाई फारशी होत नाहीं. पक्षाघातांत किंवा हृदयविकाराच्या झटक्यांत रक्तपुरवठा तुटल्यानें कांहीं पेशी अपघाती मरण पावतात, तर आसपासच्या कांहीं या नियोजित मरणाच्या मार्गानें जातात. अशा वेळीं बॅक्सला आवरून धरतां आलें तर लाभ होईल, अशी आशा वाटणें साहजिक आहे. परंतु २००५ सालीं काचबिंदु झालेल्या उंदरांवर जें दिसलें तें विचार करण्यासारखें आहे. बॅक्स नसलेल्या उंदरांच्या डोळ्यांतील मज्जापेशी मरणांतून वांचल्या. पण त्यांपासून मेंदूकडे जाणारे तंतु मात्र नष्ट झालेच. घर उभें राहिलें, पण गांवाकडे जाणारा रस्ता वाहून गेला. अशा घराचा उपयोग काय? मरण नुसतें थोपविल्यानें जीवन परत येतें असें नाहीं, हें या प्रयोगानें शिकविलें.

या सर्व विवेचनाचें सार काय? पेशी देहासाठीं 'आत्मयज्ञ' करते, असें म्हणण्याचा मोह कोणासहि होईल. परंतु ही भाषा काव्याची आहे. बॅक्सला ना दया, ना कर्तव्यबुद्धि. त्यास आकृति आहे, खोबण आहे, आणि ठराविक स्पर्शानें तीं बदलतात, इतकेंच. पेशीच्या वर्तनावरून मनुष्याच्या वर्तनाचे नियम काढूं नयेत, असें आम्हांस वाटतें. कारण मनुष्य हा समाजदेहाची नुसती पेशी नव्हे. तथापि दोन गोष्टी मात्र विद्यार्थ्यांनीं निश्चित ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, आरोग्य म्हणजे केवळ वाढ नव्हे. वाढ व विराम यांचा मेळ म्हणजे आरोग्य. एकाच पेशींत दार धरणारें व दार उघडणारें, अशीं दोन्ही प्रथिनें शेजारीं शेजारीं नांदत असतात, आणि त्यांच्या समतोलावर आपण आज उभे आहों.

दुसरी गोष्ट ज्ञानाविषयींची आहे. बेडूकमाशाचें शेपूट, पतंगाचे स्नायू, उंदराचें यकृत, कृमीच्या १३१ पेशी, आणि एका रोग्याचें तुटलेलें गुणसूत्र, यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल, असें आरंभीं कोणाच्याहि स्वप्नांत आलें नव्हतें. प्रत्येकानें आपल्या पुढ्यांतील लहानशी गोष्ट नीट पाहिली, प्रामाणिकपणें मोजली व लिहून ठेवली. आणि दीडशें वर्षांहून अधिक काळानंतर त्या टिपणांतून रोग्याच्या हातीं पडणारी एक गोळी तयार झाली. येत्या पावसाळ्यांत डबक्याच्या कांठीं उभे राहून आमच्या वाचकांपैकीं कोणी बेडूकमाशाचें शेपूट रोज थोडथोडें आंखूड होतांना पाहील, तर तेथें मरण व जीवन हीं दोन्ही मिळून एकच काम करीत आहेत, हें त्यास दिसेल. तें दिसावें एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.